शून्य कुठंय? आलेख वाचायला बसणाऱ्या नवख्यांसाठी

सोसायटीचा खजिनदार झालो तेव्हा वाटलं होतं, काम काय, पावत्या लावायच्या आणि मेंटेनन्स थकवणाऱ्यांना फोन करायचे. पण मला पहिला फटका बसला तो आलेखामुळे.

आम्ही पुण्यात उंड्रीच्या बाजूला राहतो. उन्हाळ्यात टँकर हा आमच्याकडे घरच्या माणसासारखा येतो-जातो. फेब्रुवारी ते मे अशा चार महिन्यांची टँकरची बिलं मी एक्सेलमध्ये टाकली, बटण दाबून स्तंभालेख काढला आणि जूनमधल्या सभेत प्रोजेक्टरवर लावला. मे महिन्याचा खांब फेब्रुवारीच्या अडीचपट उंच! एकदम गलका झाला. "टँकरवाल्याशी कुणाचं साटंलोटं आहे?" इथपर्यंत मजल गेली. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले. त्यांची उभी हयात कारखान्यात मालाची तपासणी करण्यात गेलेली. शांतपणे म्हणाले, "खजिनदार, तुमचं शून्य कुठंय?"

मी पडद्याकडे बघितलं. शून्य नव्हतंच. उभा अक्ष १,९०,००० पासून सुरू झाला होता. फेब्रुवारीचं बिल २,०६,००० आणि मेचं २,३१,०००, म्हणजे वाढ १२ टक्के. पडद्यावर मात्र तळापासून एक खांब १६ हजारांचा दिसत होता आणि दुसरा ४१ हजारांचा.

मी लबाडी केली नव्हती हो, पण दिसायला ती लबाडीच होती. त्यानंतर वर्षभर मी पेपरातले, व्हॉट्सॲपवरचे, बिल्डरच्या ब्रोशरमधले आलेख काकांच्या नजरेनं बघायला शिकलो. ज्या क्रमानं शिकलो त्याच क्रमानं खाली लिहितोय.

लागणारं साहित्य

• फुटपट्टी. स्क्रीनवरचा खांबसुद्धा मोजता येतो, लाजू नका.
• फोनमधला कॅल्क्युलेटर, कागद आणि पेन्सिल.
• मूळ आकड्यांचा तक्ता. आलेख दाखवणाऱ्याकडे तो मागायचाच. "तक्ता नाहीये" असं उत्तर आलं, तर तो आलेख शोभेचा समजायचा.

१. आधी चित्र झाका, कडेची अक्षरं वाचा

हे शब्दशः करा. चित्रावर तळहात ठेवा आणि आजूबाजूचं वाचा: मथळा, अक्षांवरची नावं, एकक, तारीख, तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं. चित्र एकदा डोळ्यांत शिरलं की अक्षरं त्या चित्राला होकार द्यायलाच वाचली जातात. माझ्या सभेत चाळीस माणसं होती, त्यांतल्या एकानं अक्ष वाचला.

शाळेत आलेखाच्या कागदावर उजवीकडे वरच्या कोपऱ्यात 'प्रमाण' लिहायला लावायचे, आठवतंय? 'क्ष अक्षावर १ सेमी = १० एकक' वगैरे. ते राहिलं की बाईंनी अर्धा गुण कापलाच. त्या अर्ध्या गुणाचं मोल मला चाळिशीत कळलं.

२. शून्य शोधा, पण आंधळेपणानं नाही

खांबांच्या आलेखात डोळा उंची मोजतो. दुप्पट उंच म्हणजे दुप्पट जास्त, इतका साधा हिशेब. म्हणून खांब शून्यापासूनच उभा राहायला हवा. मधूनच कापला तर उंचीला अर्थ उरत नाही.

एक गोष्ट इथे ठळकपणे सांगतो, कारण बहुतेकांना ती माहीत नसते. एक्सेल हे आपणहून करतं. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान आकडा एकमेकांजवळ असतील, म्हणजे त्यांच्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण एक षष्ठांशाहून कमी असेल, तर ते अक्षाचा तळ स्वतःच वर उचलतं. माझ्या बिलांत फरक ११ टक्क्यांच्या आसपास होता. झालं!

आता उलट बाजू. शून्याचा मंत्र पाठ करून काही जण रेषेच्या आलेखालाही झोडपतात, आणि ते चुकीचं आहे. रेषेत आपण उंची नाही, चढउतार बघतो. तापाच्या माणसाचा तक्ता शून्य फॅरनहाइटपासून काढला तर ९८.६ आणि १०३ यांच्यातला फरक दिसणारच नाही, आणि डॉक्टर म्हणतील रुग्ण ठणठणीत आहे. तिथे अक्ष कापणं हाच शहाणपणा. फक्त कापलाय हे सांगायला हवं. शाळेत त्यासाठी अक्षाच्या सुरुवातीला नागमोडी खूण काढायचो, अक्षसंकोचाची. ती खूण छापील आलेखांतून कुठे गायब झाली कोण जाणे.

३. टक्के दिसले की विचारा, "कशाचे?"

पुणेकरांना याची रंगीत तालीम दर पावसाळ्यात मिळते. 'खडकवासला शंभर टक्के भरलं' अशी बातमी येते, मुठेत विसर्ग सुरू होतो, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि शेजारी म्हणतात, चला, वर्षाची चिंता मिटली. आता आकडे बघा. पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांपैकी उपयुक्त साठ्याची क्षमता खडकवासल्याची १.९७ टीएमसी, पानशेतची १०.६५, वरसगावची १२.८२ आणि टेमघरची ३.७१. चारही मिळून २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अंदाजे २,८३२ कोटी लिटर.

म्हणजे काठोकाठ भरलेल्या खडकवासल्यापेक्षा अर्धं रिकामं वरसगाव तिपटीहून जास्त पाणी धरून असतं. पण चार धरणांचे चार सारख्या रुंदीचे खांब टक्क्यांत काढले, की खडकवासला हिरो ठरतो.

याच्या पुढची चूक आणखी लबाड आहे: टक्क्यांची सरासरी. समजा, खडकवासला १०० टक्के आणि बाकीची तिन्ही ४० टक्के भरली आहेत. चार आकड्यांची बेरीज भागिले चार केलं तर येतात ५५. पाणी मोजलं तर साठा १२.८४ टीएमसी, म्हणजे ४४ टक्के. हे कागदावर एकदा स्वतः करून बघा. मी सांगून पटण्यापेक्षा ते हातानं केलेलं बरं.

दुसरं उदाहरण हवामान खात्याच्या नकाशाचं. जिल्हावार पावसाचे नकाशे सरासरीपासून किती टक्के फरक पडला ते दाखवतात. उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सामान्य, आणि अधिक ६० किंवा त्याहून जास्त म्हणजे अगदी वरचा गट, गडद निळा. हिवाळ्यात एखाद्या आठवड्याची सरासरी १ मिमी असेल आणि पडला २ मिमी, तर तो झाला १०० टक्के जास्त. नकाशावर जिल्हा गडद निळा आणि अंगणातली तुळस कोरडी. नकाशा खोटं बोलत नाही. तो 'किती जास्त' याचं उत्तर देतो, 'किती' याचं नाही.

त्याच नकाशात रंगांचाही एक सापळा आहे. २० ते ५९ टक्के तूट असेल तर लाल, आणि ६० ते ९९ टक्के तूट असेल तर पिवळा. होय, पिवळा लालहून वाईट! सिग्नलची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. रंगसूची वाचल्याशिवाय रंगाला अर्थ देऊ नका.

४. प्रवास कुठून सुरू केलाय ते बघा

एका गुंतवणूक सल्लागारानं मला एक रेष दाखवली होती. सुरुवात २३ मार्च २०२०, शेवट ३१ मार्च २०२१. सेन्सेक्स २६ हजारांच्या किंचित खालून निघून साडेएकोणपन्नास हजारांवर. वर्षभरात ९० टक्के! तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू.

तारीख मात्र नीट बघा. २३ मार्च २०२० म्हणजे करोनाच्या भीतीनं बाजार कोसळला तो दिवस. तीच रेष दहा आठवडे आधी, १४ जानेवारी २०२० पासून काढली तर सेन्सेक्स ४२ हजारांच्या जवळून निघतो आणि वाढ उरते १८ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही आलेखांतला प्रत्येक बिंदू खरा आहे. विहिरीच्या तळापासून मोजायचं की काठापासून, एवढाच वाद.

उपाय साधा आहे. सुरुवातीच्या तारखेवर बोट ठेवून विचारा, "याच्या आधी काय होतं?" ऋतूप्रमाणे वरखाली होणाऱ्या गोष्टी असतील (पाणी, वीज, भाजीचे भाव) तर मागच्या महिन्याशी नव्हे, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना मागा. धरणसाठ्याचा आलेख मला तोच आवडतो, ज्यात यंदाच्या रेषेशेजारी गेल्या वर्षीची फिकी रेष असते. सकाळी चहा पिता पिता कळतं, कुठे आहोत ते.

'आजवर एकूण' असं लिहिलेला आलेख दिसला तर आणखी सावध. एकूण प्रवासी, एकूण लाभार्थी, एकूण झाडं... बेरीज कधी खाली येत नाही. रोजचे प्रवासी निम्मे झाले तरी एकूणची रेष चढतच राहते.

५. भागाकार झालाय का?

काकांनी सभेत शून्य विचारलं, पण खरा प्रश्न नंतर लिफ्टमध्ये विचारला: "फेब्रुवारीत किती घरं भरलेली होती?" मार्चअखेरीस बी विंगचा ताबा मिळाला होता. फेब्रुवारीत १४० घरांत माणसं राहत होती, मेमध्ये १६० घरांत. करा भागाकार. फेब्रुवारीत दर घरामागे १,४७१ रुपये, मेमध्ये १,४४४. म्हणजे ऐन उन्हाळ्यात घरटी खर्च थोडा कमीच झाला होता, आणि मी सभेत जवळजवळ दंगल पेटवली होती.

तेव्हा एकूण आकडा दिसला की माणशी, घरटी, दर हजारी असं काहीतरी मागा. नकाशात तर हे फारच गरजेचं आहे. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किमी आणि लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. मुंबई उपनगर जिल्हा ४४६ चौरस किमी आणि लोकसंख्या साडेत्र्याण्णव लाखांच्या वर. महाराष्ट्राचा नकाशा रंगवला की गडचिरोली डोळ्यांत भरते आणि उपनगर पेन्सिलीच्या टोकाखाली झाकलं जातं. निवडणुकीच्या निकालाचे नकाशे बघताना हे आठवा. रंग जमिनीवर चढतो, मतं माणसं देतात.

६. एका चित्रात दोन अक्ष म्हणजे दोन नवरदेवांची एक वरात

बहिणीसाठी फ्लॅट बघत होतो तेव्हा एका ब्रोशरमध्ये डावीकडच्या अक्षावर त्या भागातला चौरस फुटाचा दर होता आणि उजवीकडच्या अक्षावर मेट्रोचे प्रवासी. दोन्ही रेषा हातात हात घालून वर चाललेल्या. बघणाऱ्याला वाटावं, मेट्रो भरते तसा दर चढतो.

दोन अक्ष असले की काढणाऱ्याला दोन्हींचं प्रमाण हवं तसं ताणता येतं. रेषा जुळवायच्या, छेदायच्या, फटकून ठेवायच्या, सगळं त्याच्या हातात. त्यामुळे त्या कुठे छेदतात याला काडीचाही अर्थ नाही. दोन्ही वेगवेगळ्या कागदावर काढून बघा. बहुतेकदा जादू तिथेच संपते.

(त्याच ब्रोशरमधल्या नकाशावर आयटी पार्क बोटभर अंतरावर आणि शेजारी '१० मिनिटं' असं लिहिलेलं. पहाटे चार वाजता, बहुधा. तळाशी बारीक अक्षरांत 'नकाशा प्रमाणात नाही' हेही होतं. पायरी पहिली विसरू नका.)

७. गोल, फुगीर आणि चित्रांचे आलेख

पाय चार्टबद्दल थोडक्यात. दोन-तीन तुकडे असतील तर ठीक, सात-आठ असतील तर खांब मागा. टक्क्यांची बेरीज १०० होते का ते बघा. तिरपा करून जाडी दिलेला पाय चार्ट सरळ बाजूला ठेवा, कारण त्यात पुढचा तुकडा त्याच्या कडेसकट दिसतो आणि आहे त्याहून मोठा वाटतो.

चित्रांचे आलेख जास्त धोक्याचे. खर्च दुप्पट झाला म्हणून टँकरचं चित्र दुप्पट उंच काढलं, तर ते रुंदीलाही दुप्पट होतं आणि कागदावर चौपट जागा खातं. डोळा जागा मोजतो. हे नीट सांभाळणारं जुनं उदाहरण म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल. क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांचे मृत्यू तिनं १८५८ साली पाकळ्यांसारख्या आकृतीत मांडले: एक पाकळी म्हणजे एक महिना, आणि आकडा दाखवायचा तो पाकळीच्या क्षेत्रफळानं, लांबीनं नव्हे. जखमांनी मेलेल्यांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेले कितीतरी जास्त होते, हे त्या पाकळ्यांत एका नजरेत दिसतं. आकड्यांच्या लांबलचक तक्त्यात ते दिसलं नसतं. आलेखांवर एवढी टीका करूनही मी ते सोडून देत नाही, ते यासाठीच.

८. एकच हवा, दोन आकडे

ही पायरी छोटी आहे, पण तळजाईला सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या गटात यावरून रोज भांडण होतं. एकाच्या ॲपवर हवेचा निर्देशांक १००, दुसऱ्याच्या ॲपवर दीडशेच्या वर. दोघंही बरोबर असू शकतात. घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) असेल तर भारतीय मोजपट्टीवर निर्देशांक १०० येतो आणि तो 'समाधानकारक' गटात बसतो. अमेरिकी मोजपट्टीवर तीच हवा १५० ओलांडते आणि रंग लाल होतो. निर्देशांकाची तुलना करण्याआधी पट्टी कुणाची ते विचारा, नाहीतर सरळ मायक्रोग्रॅमचा आकडा बघा.

९. स्वतः काढायची वेळ आली तर

• एक्सेलमध्ये उभ्या अक्षावर दोनदा क्लिक करा, 'फॉरमॅट ॲक्सिस' उघडेल. तिथे 'मिनिमम'समोर ० टाका. स्तंभालेख असेल तर हे दरवेळी करायचं, आळस नाही.
• मथळ्यात एकक आणि काळ लिहा. 'टँकर खर्च' नव्हे, 'दर घरामागे टँकरचा खर्च, रुपये, फेब्रुवारी ते मे'.
• सावल्या, जाडी, चमक काढून टाका. रंग दोनपेक्षा जास्त लागत असतील तर आलेखच दोन करा.
• आलेखाखाली मूळ आकडे छापा. चारच तर आकडे असतात.
• सभेआधी एखाद्या खवट माणसाला दाखवा. प्रत्येक सोसायटीत असतोच. आमच्याकडे पाच आहेत.

आणि आकडा मुळात आला कुठून, हे स्वतःलाही विचारा. दुसऱ्या सभेत मी शून्यापासूनचा, घरटी खर्चाचा, एकक लिहिलेला असा सोवळ्यातला आलेख लावला. सगळे गप्प. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पैसे कळले. टँकर दहा हजार लिटरचा, हे कुणी मोजलं?"

कुणीच नाही. पावतीवर लिहिलेलं असतं म्हणून आम्ही धरून चाललो होतो. आता टाकीच्या तोंडाशी मीटर बसवलाय आणि प्रत्येक टँकर रिकामा झाला की वॉचमन वहीत आकडा लिहितो. पहिल्या महिन्यात दोन दिवस वही कोरी राहिली, तो गावाला गेला होता. एक्सेल त्या जागी आपणहून रेष जोडू शकतं किंवा शून्यही धरू शकतं. 'सिलेक्ट डेटा'मध्ये 'हिडन अँड एम्प्टी सेल्स' म्हणून एक बटण आहे, तिथे मी 'गॅप्स' निवडलं. आलेखात तेवढ्या दोन दिवसांपुरती रेष तुटलेली आहे.